स्टेशन-वॅगन किती पळते?



विजयादशमीच्या सायंकाळीं कोल्हापूरच्या दसरा चौकांत सोनें लुटण्याचा सोहळा होतो, तेव्हां छत्रपति घराण्यांतील मंडळी मेबॅक नांवाच्या एका जुन्या जर्मन मोटारींतून येतात, हें आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलेलें असेल. गर्दींतून ती मोटार माणसाच्या पावलानें चालते. एके वर्षीं माझा आठ वर्षांचा नातू माझें बोट धरून तेथें उभा होता. मोटारीचें लांबलचक नाक, तिचे मोठाले दिवे, तिचा थाट हें सारें पाहून झाल्यावर त्यानें मला एकच प्रश्न विचारला, "आजोबा, ही किती पळते?"

मला हंसूं आलें. कारण हाच प्रश्न मीं बारा वर्षांचा असतांना एका दुसऱ्या मोटारीविषयीं विचारला होता, आणि त्याच्या उत्तराच्या नादांत आम्ही अकरा माणसें दरीच्या तोंडाशीं जाऊन आलों होतों. ती मोटार अमेरिकन बनावटीची स्टेशन-वॅगन होती. आज मी त्याच जातीच्या मोटारींविषयीं बोलणार आहें. त्या किती पळत, तें तर सांगेनच. पण तो आंकडा खरोखर कशाचा असतो, आणि मोटारीच्या अंगच्या कोणत्या गुणाविषयीं तो कांहींच सांगत नाहीं, हें मला अधिक बोलावयाचें आहे.

स्टेशन-वॅगन म्हणजे काय, हें प्रथम सांगितलें पाहिजे. साध्या मोटारीचें छप्पर पाठीमागच्या बैठकीवर संपतें आणि त्यामागें सामानाची पेटी लागते. स्टेशन-वॅगनचें छप्पर मात्र सरळ शेवटपर्यंत जातें, पाठीमागें एक दार असतें, आणि मधली बैठक दुमडली म्हणजे आंत एखादी खाट मावेल एवढी जागा होते. एंजिन, चाकें, सांगाडा हें सर्व बहुधा साध्या मोटारीचेंच. आपल्याकडे अँबॅसडर गाडीचा 'इस्टेट' नांवाचा असाच एक प्रकार होता; रुग्णवाहिका म्हणून तो कित्येकांच्या पाहण्यांत आला असेल.

अमेरिकेंत आगगाडीचें जाळें पसरलें तेव्हां स्टेशनावर उतरलेल्या उतारूंना त्यांच्या ट्रंका-वळकट्यांसह हॉटेलांत किंवा मळ्यावरच्या घरीं पोंचवण्यासाठीं ज्या गाड्या ठेवीत, त्यांवरून हें नांव पडलें. आधीं घोड्यांच्या गाड्या, मग मोटारी. इंग्लंडांत याच धर्तीच्या गाडीस 'शूटिंग-ब्रेक' म्हणत. येथला 'ब्रेक' गाडी थांबवणारा नव्हे. कोवळ्या घोड्यांना जुंपणीची सवय लावण्यासाठीं जो जड सांगाडा त्यांच्यामागें जोडीत, त्याचें तें नांव. पुढें त्याच सांगाड्यावर बांकें बसवून शिकारीची मंडळी नेऊं लागले. कोल्हापूरकराला हें पटवण्यास फार दूर जावयास नको. राजर्षि शाहू छत्रपतींचा खडखडा आमच्या जुन्या माणसांच्या बोलण्यांत अजून आहे. घोडे जुंपलेली ती मोठी गाडी, वर पुष्कळ माणसें, आणि लगाम स्वतः महाराजांच्या हातीं! कुळ काढून पाहिलें तर अमेरिकन स्टेशन-वॅगन म्हणजे एंजिन लावलेला खडखडाच होय. १८९१ सालीं मिरजेहून कोल्हापुरास आगगाडी आली. पण स्टेशनावरून घरीं येण्यास आम्हांला टांगा पुरला, ही गोष्ट वेगळी.

१९२९ सालीं फोर्ड कंपनीनें आपल्या 'मॉडेल ए' गाडीवर लांकडी स्टेशन-वॅगन बसवून ती मोठ्या संख्येनें विकण्यास आरंभ केला. मिशिगन प्रांतांत आयर्न माउंटन येथें फोर्डचीं स्वतःचीं जंगलें होतीं, लांकडाचा कारखाना होता. तेथलें लांकूड या कामीं येई. दिसावयास गाडी मोठी देखणी, पण घरांतल्या झोपाळ्यासारखी तिची निगा ठेवावी लागे. वेळच्या वेळीं वार्निश न केल्यास सांधे ढिले होत आणि गाडी करकरूं लागे. तिचें एंजिन चार सिलिंडरांचें, ३.३ लिटरांचें आणि ४० अश्वशक्तीचें. सपाट रस्त्यावर ती ताशीं सुमारें १०० किलोमीटर धांवे.

हा १०० चा आंकडा ध्यानांत ठेवा. त्यावर मी आतां थोडें गणित करणार आहें. शिक्षकाची खोड जात नाहीं, त्याला इलाज नाहीं.

मोटार वेगानें जाऊं लागली म्हणजे तिचा खरा शत्रु रस्ता नव्हे, वारा. रंकाळ्याच्या कांठानें वाऱ्याच्या तोंडावर सायकल हाणणाऱ्याला हें पुस्तकाशिवाय ठाऊक असतें. वेग दुप्पट केला तर मोटारीला एका क्षणांत दुप्पट हवा बाजूला सारावी लागते, आणि ती दुप्पट जोरानें सारावी लागते. म्हणून वाऱ्याचा अडथळा चौपट होतो. शिवाय त्या चौपट अडथळ्याविरुद्ध मोटार आतां दुप्पट झपाट्यानें अंतर तोडीत असते, म्हणून एंजिनाला लागणारी शक्ति चौपट नव्हे, आठपट होते. हाच नियम उलटा वाचला तर असें निघतें कीं, एंजिनाची शक्ति आठपट वाढवा, तेव्हां कोठें वेग दुप्पट होईल. वेग शक्तीच्या घनमुळानें वाढतो.

आतां प्रत्यक्ष गाड्यांकडे पाहूं. १९४६ सालच्या फोर्ड स्टेशन-वॅगनमध्यें आठ सिलिंडरांचें, १०० अश्वशक्तीचें एंजिन मिळे. म्हणजे शक्ति अडीचपट झाली. अडीचचें घनमूळ १.३६, तेव्हां वेग १३६ किलोमीटरांच्या आसपास यावा, आणि ती गाडी त्याच घरांत धांवे. १९५५ सालीं शेव्हरोलेनें आपलें नवें आठ सिलिंडरी एंजिन आणलें. त्याच वर्षीं 'नोमॅड' नांवाची त्यांची दोन दारांची डौलदार स्टेशन-वॅगनहि आली. त्या एंजिनाची सुरुवातीची शक्ति १६२, म्हणजे मॉडेल ए च्या चौपट. चारचें घनमूळ १.५९, आणि गाडीचा वेग सुमारें १६०! गाड्यांचे आकार बदलले, वजनें वाढलीं, गिअर बदलले, तरी हिशेब इतका जुळावा याची मला स्वतःला गंमत वाटते.

जेथें तो जुळत नाहीं तेथेंहि कारण सांपडतें. १९४६ सालींच विलीज कंपनीनें जीपच्या धर्तीवर एक स्टेशन-वॅगन काढली. ती लांकडाची नव्हती, सबंध पोलादाची होती, आणि लांकडी गाड्यांचा अंत तेथूनच जवळ आला. तिचें एंजिन ६३ अश्वशक्तीचें. हिशेबानें ती ११५ च्या पुढें जावयास हवी होती. पण ती १०५ च्या आसपासच थांबे, कारण तिचें तोंड कपाटासारखें चौकोनी होतें आणि गिअर ओढण्यासाठीं बेतलेले होते, पळण्यासाठीं नव्हे. तिची धाकटी बहीण म्हणजे जीप. १९४७ पासून महिंद्रांनीं ती मुंबईंत जोडण्यास आरंभ केला आणि पुढें आपल्या डोंगरी तालुक्यांत ती घरोघर ओळखीची झाली. त्याच सुमारास कुर्ल्यास प्रीमियर कंपनी डॉज आणि प्लिमथ या अमेरिकन गाड्या जोडूं लागली होती. जनरल मोटर्सचा मुंबईंतील कारखाना तर १९२८ सालचा. तेव्हां या गाड्या आपल्याला अगदींच परक्या होत्या असें नाहीं.

स्टेशन-वॅगन आणि तिचीच साधी बहीण या दोघींत मात्र स्टेशन-वॅगन बहुधा थोडी मागें पडे. पुष्कळजण याचें कारण तिचें वजन असें सांगतात. तें अर्धेंच खरें. सपाट रस्त्यावर वजनामुळें मोटारीला वेग घेण्यास उशीर लागतो, पण एकदां वेग घेतल्यावर वजनाचा अडथळा वाऱ्याच्या मानानें थोडा. खरें कारण असें कीं, ओझें ओढतां यावें म्हणून कारखानदार स्टेशन-वॅगनच्या मागच्या धुरेला कित्येकदां अधिक ओढीचे दांते बसवीत. एंजिनाचे फेरे तेवढेच, चाकांचे फेरे कमी. शिवाय तिची पाठ भिंतीसारखी कापलेली. तिच्यामागें हवेची पोकळी होऊन ती गाडीला मागें खेंचते. त्याच पोकळींत रस्त्याची धूळ ओढली जाते आणि मागची कांच चिखलानें माखल्यासारखी होते. एवढ्यावर भागतें असेंहि नाहीं. मागच्या दाराची कांच उघडी ठेवून गाडी पळवली तर धुराड्यांतला विषारी धूर त्याच वाटेनें आंत येतो आणि मागें झोंपलेल्या मुलांच्या नाकांत जातो. तेव्हां ज्यांच्याकडे अशी जुनी गाडी हौसेनें ठेवलेली असेल त्यांनीं वाऱ्यासाठीं पुढच्या कांचा उघडाव्या, मागची उघडूं नये.

१९६० नंतर अमेरिकेंत अश्वशक्तीची जी चढाओढ लागली, तिच्याविषयीं थोडक्यांत सांगतों. एंजिनें सात-सात लिटरांचीं झालीं आणि जाहिरातींतले आंकडे तीनशें-साडेतीनशेंच्या पुढें गेले. पण हे आंकडे भांड्यासकट दूध तोलल्यासारखे होते. एंजिन कसोटीच्या चौथऱ्यावर उघडें ठेवावयाचें. हवेची गाळणी, पंखा, धुराड्याची कोंडी कांहीं न लावतां जोर मोजावयाचा आणि तोच छापावयाचा. १९७२ पासून तेथील कारखानदार सर्व साज चढवलेल्या एंजिनाचा निव्वळ जोर सांगूं लागले. त्याबरोबर आंकडे एकाएकीं धाडकन् उतरले. लोकांना वाटलें, एंजिनें मेलीं! थोडीं मेलीं होतींहि, कारण शिसें नसलेल्या पेट्रोलासाठीं त्यांचा आंतील दाब कमी करण्यांत आला होता. पण घट बरीचशी कागदावरची होती.

याच काळांत, म्हणजे १९७१ ते १९७६ या वर्षांत, जनरल मोटर्सनें ज्या स्टेशन-वॅगन काढल्या त्यांना या जातींतील गजराज म्हणावें लागेल. मागच्या दाराची कांच वर छपरांत सरके आणि खालचें फळकूट तळाखालीं नाहींसें होई. एंजिन ७.५ लिटरांपर्यंत आणि नुसत्या गाडीचें वजन कित्येकदां २,३०० किलोंच्या वर. अशा गाडीला पेट्रोल किती लागत असेल तें आपण मनाशींच ठरवा. १९७३ सालीं तेलाची टंचाई आली. १९७४ च्या आरंभीं साऱ्या अमेरिकेंत ताशीं ५५ मैलांची, म्हणजे सुमारें ८८ किलोमीटरांची मर्यादा घालण्यांत आली. आणि १९८० च्या सुमारास तर वेगाच्या तबकडीवर ८५ मैलांपुढें आंकडेच छापूं नयेत असा नियम कांहीं वर्षें अमलांत होता. गाडी त्यापुढें जाऊं शकत असे, पण कांट्याला जागा नव्हती! मुलानें मोठा आंकडा शिकूं नये म्हणून पाढ्यांचें पुस्तकच फाडून ठेवण्यापैकीं हा प्रकार झाला, असें मला वाटतें.

या घराण्यांतली शेवटची मोठी गाडी ब्यूइक 'रोडमास्टर' आणि तिची बहीण शेव्हरोले 'कॅप्रिस'. १९९४ ते १९९६ या तीन वर्षांत त्यांना ५.७ लिटरांचें, २६० निव्वळ अश्वशक्तीचें एंजिन मिळालें. उभी गाडी सुमारें आठ सेकंदांत साठ मैलांचा वेग घेई. एवढ्या अवजड गाडीला ही करामतच. तिचा कमाल वेग मात्र एंजिनानें ठरवलेला नव्हता. टायरांना झेपावें म्हणून रोडमास्टरमध्यें बसवलेलें विजेचें यंत्रच तिला ताशीं १०८ मैलांवर, म्हणजे सुमारें १७५ किलोमीटरांवर, अडवी. १९९६ सालीं त्या बंद झाल्या. आपल्याकडे पुण्यास १९९२ सालीं टाटांनीं 'इस्टेट' नांवाची स्टेशन-वॅगन काढली, तिच्या डिझेल एंजिनाची शक्ति सत्तराच्या आंतच होती, आणि तीहि चार माणसें व त्यांचें सामान घेऊन महाबळेश्वरास पोंचतच होती.

म्हणजे १९२९ पासून १९९६ पर्यंत शक्ति साडेसहापट झाली आणि वेग दुपटीलाहि पोंचला नाहीं. "किती पळते?" या प्रश्नाचें उत्तर हें असें आहे. पण स्टेशन-वॅगन ही पळण्यासाठीं जन्मलेली नाहीं, नेण्यासाठीं जन्मलेली आहे. अमेरिकेंतील लांबच लांब सपाट हमरस्त्यांवर हा भेद फारसा जाणवत नसेल; आपल्याकडे सह्याद्रि आडवा पडला आहे.

आतां माझी गोष्ट सांगतों. १९७३ सालच्या उन्हाळ्यांत माझ्या आतेभावाचें लग्न रत्नागिरीस ठरलें होतें, मुहूर्त गोरज. आमच्या पेठेंत भाड्यानें फिरणारी एक जुनी अमेरिकन स्टेशन-वॅगन होती. कोणत्या कंपनीची तें सांगत नाहीं, कारण पुढें जें घडलें त्यांत कंपनीचा दोष नव्हता. माझ्या वडिलांनीं ती ठरवली. आंत ड्रायव्हर धरून आम्ही अकरा जण. छपरावर ट्रंका, वळकट्या आणि लाडवांचे डबे. पुढची बैठक अखंड बांकासारखी होती. एका बाजूला ड्रायव्हरमामा, दुसऱ्या बाजूला वडील आणि मध्यें मी. माझे डोळे वेगाच्या तबकडीवर खिळलेले. तिच्यावर मैलांचे आंकडे शंभराच्या पुढें होते, आणि कांटा मात्र पस्तीस-चाळिसांत घुटमळत होता. मलकापूरच्या अलीकडे एक चाक पंक्चर झालें. त्यांत पाऊण तास गेला. वडील घड्याळाकडे पाहूं लागले. पुन्हां निघालों तेव्हां मीं विचारलें, "मामा, ही किती पळते हो?"

मामा हंसले. "पळवून दावू व्हय?" म्हणाले. उशीर झालेलाच होता, त्यामुळें वडिलांनींहि अडवलें नाहीं. कांटा साठाच्या पुढें गेला. मीं टाळ्या पिटल्या. त्याच तोऱ्यांत आंबा गांव मागें पडलें आणि त्याच तोऱ्यांत गाडी घाटाला लागली, वरच्याच गिअरमध्यें.

पहिलीं कांहीं वळणें नीट गेलीं. मग मामांचा पाय ब्रेकवर नेहमीपेक्षां खोल जाऊं लागला. आंत जळक्या चामड्यासारखा वास सुटला. मागें आत्या कोणाला तरी म्हणत होत्या, "स्टोव्ह बांधून घेतलात ना नीट?" मामांच्या कपाळावर घाम दिसला. ते हलक्या आवाजांत वडिलांना म्हणाले, "अण्णा, पोराला घट्ट धरा. ब्रेक लागंना झालाय."

त्यांनीं हातब्रेक ओढला, तो नांवापुरताच लागला. मग एकदां एंजिन भरधांव करून त्यांनीं दुसरा गिअर घातला. दांते करकरले आणि गाडी हिसका बसून थोडी मंदावली, एंजिन मात्र किंचाळूं लागलें. पुढचें वळण आम्ही रस्त्याच्या अगदीं कडेनें घेतलें. खालीं झाडांचे शेंडे दिसत होते तें मला आजहि दिसतें. त्यापुढें मामांनीं पहिला गिअर कसाबसा बसवला आणि गाडीचें अंग डोंगराच्या मातीला घांसत नेऊन ती उभी केली. कोणी बोललें नाहीं. मामांनीं खालीं उतरून चारी चाकांना दगड लावले आणि मग ते रस्त्यावरच बसले.

वडिलांनीं पाण्याचा डबा उचलून चाकाकडे धांव घेतली, तेव्हां मामा ओरडले, "अण्णा, पाणी नगा मारू! डरम फुटंल!" त्यांचें म्हणणें बरोबर होतें. ब्रेकचा ड्रम बिडाचा असतो. तापलेल्या बिडावर गार पाणी पडलें तर तो तडकतो.

तेथें बसल्या बसल्या जें मला कळलें नाहीं, तें पुढें वर्गांत गतिशास्त्र शिकवतांना मीं फळ्यावर अनेकदां मांडलें. गाडी, माणसें आणि सामान मिळून वजन २,५०० किलो धरूं. घाटाची उंची ४०० मीटर धरूं. एवढें वजन एवढ्या उंचीवरून खालीं आणावयाचें म्हणजे ९८ लाख ज्यूल इतकी ऊर्जा कोठें तरी जिरवली पाहिजे. ऊर्जा नाहींशी होत नाहीं; तिची उष्णता होते. एवढ्या उष्णतेनें ३० अंशांचें ३३ लिटर पाणी उकळीस येईल. म्हणजे आपल्या न्हाणीघरांतला तांब्याचा बंब, कांठोकांठ भरलेला! त्यांतील कांहीं भाग रस्ता आणि वारा घेतात. पण वरचा गिअर घालून एंजिनाला मोकळें सोडलें तर उरलेली बहुतेक सगळी उष्णता चार ड्रमांत जाते. तीच गाडी सपाटीवर ताशीं १०० किलोमीटरांच्या वेगानें जात असतां एकदां करकचून थांबवली, तर तिच्या ब्रेकांत दहा लाखांहून कांहींसे कमी ज्यूल जातात. घाट उतरणें म्हणजे शंभराच्या वेगावरून एकामागून एक सुमारें दहा वेळां थांबणें होय, आणि मधें गार होण्यास उसंत नाहीं.

ड्रम तापला म्हणजे दोन गोष्टी होतात. एक तर बिडाचा तो गोल तापून फुगतो आणि आंतून दाबणाऱ्या पट्ट्यांपासून दूर जातो. म्हणून पाय खोल जातो. दुसरें, पट्टीवरच्या अस्तरांतले चिकट द्रव्य जळून तिची पकड सुटते. म्हणून कितीहि दाबलें तरी गाडी ऐकत नाहीं. नळ्यांतलें ब्रेकचें तेल उकळलें तर त्याहून वाईट, कारण वाफ दबते आणि पाय सरळ तळाला टेकतो. यंत्रांत बिघाड कसलाच नसतो. गार झाल्यावर तोच ब्रेक पुन्हां शहाण्यासारखा वागतो.

चढाचें गणित याच्या मानानें सोपें आहे. १५ मीटरांत १ मीटर चढणाऱ्या रस्त्यावरून तीच भरलेली गाडी ताशीं ४० किलोमीटरांनीं न्यावयाची तर चाकांपाशीं सुमारें ३० अश्वशक्ति पुरते. एवढें काम मॉडेल ए चीं चाळीसहि जेमतेम करतील. मोठ्या अमेरिकन एंजिनांचा खरा उपयोग येथें दिसे. शक्ति पुष्कळ होती म्हणून नव्हे, तर मंद फेऱ्यांवरहि त्यांची ओढ जबर असे, म्हणून चढावर गिअर न बदलतां गाडी गुरगुरत वर जाई. आणि धोकाहि तेथेंच होता. जी गाडी वरच्या गिअरमध्यें सहज चढते, ती वरच्या गिअरमध्येंच उतरवण्याचा मोह होतो. चाळीस अश्वशक्तीच्या गाडीला चढतांनाच दुसरा गिअर घालावा लागे. उतरतांनाहि ड्रायव्हर तोच घाली, आणि मग गाडीला रोखून धरण्याचें अर्धें काम एंजिन करी. शेव्हरोलेच्या कित्येक गाड्यांत तर पुढें जाण्याचे दोनच टप्पे असलेली आपोआप बदलणारी गिअरपेटी असे. सपाट देशांत ती मोठी सोय. आमच्या घाटांत त्या दोहोंच्या मधला गिअर नाहीं ही अडचण.

१९७० च्या पुढें अमेरिकन गाड्यांच्या पुढच्या चाकांना डिस्क-ब्रेक सर्रास येऊं लागले. डिस्क म्हणजे उघडी फिरणारी लोखंडी तबकडी. तिला वारा लागतो, आणि ती तापून फुगली तर पट्ट्यांपासून दूर न जातां त्यांच्याकडेच येते. सुधारणा मोठी खरी. परंतु ९८ लाख ज्यूल तिलाहि चुकत नाहींत, आणि आज त्याच घाटांतून तीं वऱ्हाडें सुमोंतून आणि बोलेरोंतून उतरतात तेव्हां हिशेब तोच असतो.

तास-दीड तासानें मामांनीं ड्रमवर थुंकून पाहिलें. चुरचुर आवाज आला नाहीं. मग त्यांनीं मोठ्या माणसांपैकीं चौघांना खालीं उतरवलें आणि त्यांना मागून येणाऱ्या एस. टी. ला हात करावयास सांगितलें. वजन तेवढेंच कमी. छपरावरच्या दोन ट्रंकाहि एस. टी. वर चढल्या. गाडी पहिल्या गिअरमध्यें, माणसाच्या पावलानें, सबंध घाट उतरली. कांटा पहिल्या आंकड्यालाहि पोंचत नव्हता आणि मी त्याच्याकडे पाहतहि नव्हतों. साखरप्यास सर्वजण पुन्हां एकत्र आलों. रत्नागिरीस पोंचेपर्यंत दिवेलागण होऊन गेली होती. लग्न लागून गेलें होतें. पण आत्यांच्या व्याह्यांनीं पंगत थांबवून ठेवली होती, आणि वडिलांनीं ड्रायव्हरमामांना हाताला धरून आपल्या शेजारच्या पाटावर बसवलें.